गडचिरोलीच्या वाटेवर सावलीला उतरा

गांधीवाद असे काही नाही आणि आपल्या मागे कुठलाही पंथ ठेवून जायची आपली इच्छा नाही, हे गांधीजींचे म्हणणे भाषणांत, पाठ्यपुस्तकांत आणि दोन ऑक्टोबरच्या फलकांवर सर्रास आढळते. ते कुठे म्हटले गेले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. ३ मार्च १९३६ रोजी, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या सावली या गावी, गांधी सेवा संघाच्या संमेलनात ते म्हटले गेले. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणाऱ्या हजारो गाड्या रोज या गावावरून जातात. चहापुरती थांबते तीही एखादीच.

या लेखाचा हेतू सरळ आहे: तुम्ही सावलीला जावे, आणि जाताना थोडी तयारी करून जावे. तयारीवर मी जोर देते, कारण इथे तिकीट काढून आत शिरायचा किल्ला नाही आणि वाट दाखवणारे बाणही नाहीत. इथला इतिहास सुतात, भातात आणि तलावांच्या पाण्यात आहे. काय पाहायचे हे डोक्यात नसेल, तर एक बाजारपेठ, बसस्थानक आणि तहसील कार्यालय एवढेच दिसेल आणि अर्ध्या तासात परत फिरावेसे वाटेल.

आधी वाचन

निघण्यापूर्वी एक संध्याकाळ वाचनासाठी राखून ठेवा. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचा ६२वा इंग्रजी खंड ऑक्टोबर १९३५ ते मे १९३६ या काळाचा आहे आणि तो इंटरनेटवर गांधी हेरिटेज पोर्टलवर विनामूल्य वाचता येतो. सावलीची भाषणे त्यातच आहेत. ‘हरिजन’चे मार्च १९३६चे अंकही चाळा, महादेवभाई देसाईंनी त्यांत संमेलनाचा वृत्तांत लिहिला आहे. शोधताना एक काळजी घ्यायला हवी. गुजरातेत वडोदरा जिल्ह्यातही सावली नावाचे गाव आहे आणि गांधीजींचे नाव जोडून शोधले की दोन्ही गावांची सरमिसळ होते. ‘चांदा’ हा शब्द सोबत टाकलात, तर नेमके आपल्या गावापाशी पोचाल.

वाचताना काळाकडे लक्ष ठेवा, म्हणजे सावलीचे महत्त्व आपसूक उलगडेल. डिसेंबर १९३४मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. ऑक्टोबर १९३५मध्ये खादीचे काम चालवणाऱ्या चरखा संघाने एक धाडसी निर्णय घेतला. सूत कातणाऱ्या बायकांना बाजारभावाने चार पैसे टेकवायचे नाहीत, पोट भरेल इतकी किमान मजुरी द्यायची. खादी महाग झाली तरी चालेल. त्यानंतर गांधीजी रक्तदाबाने आजारी पडले आणि आठवडे न् आठवडे सक्तीच्या विश्रांतीत राहिले. त्या आजारातून उठता उठता, फेब्रुवारी १९३६च्या अखेरीस ते सावलीत आले आणि ६ मार्चपर्यंत इथे राहिले. एप्रिलच्या अखेरीस ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. शहर सोडून खेड्यात जायचे हा विचार त्या एका वर्षात कृतीत उतरत होता आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला सावली आहे.

गांधी सेवा संघ १९२३मध्ये जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने सुरू झाला. सावलीच्या वेळी किशोरलाल मशरूवाला त्याचे अध्यक्ष होते. संघाची पुढची संमेलनेही मुद्दाम आडगावांत भरली: १९३७ला बेळगाव जिल्ह्यातले हुदली, १९३८ला ओरिसातले डेलांग, १९३९ला चंपारण्यातले वृंदावन, १९४०ला बंगालमधले मलिकांदा. या गावांचा एकत्र प्रवास करून कुणीतरी मराठीत पुस्तक लिहायला हवे, असे मला फार मनापासून वाटते. हुदली तर गंगाधरराव देशपांड्यांचे गाव आणि सावलीसारखेच खादीचे केंद्र. बेळगावकडच्या वाचकांनी त्या टोकापासून सुरुवात करायला हरकत नाही.

कसे जायचे, कधी जायचे

सावली चंद्रपूरपासून साधारण साठ किलोमीटरवर आहे आणि गडचिरोलीपासून वीसेक. मधले मोठे गाव मूल. चंद्रपूर, मूल आणि गडचिरोली या तिन्ही ठिकाणांहून एसटी मिळते आणि दिवसा फार वाट पाहावी लागत नाही. रेल्वेने यायचे तर गोंदिया–नागभीड–चांदा फोर्ट मार्गावरचे मूल मारोडा स्थानक जवळचे. गांधीजींच्या वेळी ही अरुंद रुळांची गाडी होती. ब्रॉडगेज झाले ते १९९०च्या दशकात. या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत, तेव्हा वेळापत्रक आधी पाहून घ्या. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांनी बल्लारशा किंवा नागपूर गाठून पुढे बस धरलेली सोयीची. नागपूरहून येताना उमरेड, नागभीड, सिंदेवाही, मूल असा रस्ता लागतो आणि भाताचा मुलूख कुठे सुरू होतो ते खिडकीतून कळते.

गडचिरोलीचे नाव काढले की घरची मंडळी काळजीत पडतात, म्हणून स्पष्ट सांगते. सावली वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, सतत रहदारीच्या रस्त्यावर आहे. इथे जपायचे ते वाघाला. मूल, सावली, सिंदेवाही हा सगळा पट्टा वाघांचा आहे आणि इथल्या माणसांनी त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. मोहफुले वेचायला भल्या पहाटे गेलेली, तेंदूपत्ता तोडायला गेलेली, गुरांमागे गेलेली माणसे परत आली नाहीत, अशी घरे तुम्हाला गावोगाव भेटतील. म्हणून अंधार पडल्यावर आणि उजाडण्यापूर्वी जंगलाकडेच्या रस्त्यांवर पायी किंवा दुचाकीने फिरू नका. तलावाच्या पारावर एकटे बसू नका. आणि ‘इथे वाघ दिसतो का हो?’ असे हौसेने विचारू नका. ज्याच्या घरातला माणूस गेला आहे, त्याला तो प्रश्न कसा लागेल याचा विचार करा.

जाण्याचा उत्तम काळ दिवाळीनंतरपासून महाशिवरात्रीपर्यंत. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा येऊ नका. जुलै-ऑगस्टमधला रोवण्याचा हंगाम बघायला सुंदर असतो, पण त्या दिवसांत कुणालाही तुमच्याशी बोलायला फुरसत नसते. गावची बायामाणसे दिवसभर बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखलात वाकलेली असतात.

मुक्काम गडचिरोलीला किंवा मूलला करा. लॉज तिथे मिळतात, चंद्रपूरला अधिक चांगले. सरकारी विश्रामगृहावर भिस्त असेल, तर बांधकाम विभागाकडून आधी परवानगी घ्यावी लागते आणि एखादा साहेब आला की ती रद्दही होते. सावलीसाठी दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवा.

पहिला दिवस गावासाठी

बसमधून उतरल्यावर नागविदर्भ चरखा संघ कुठे, असे विचारा. ‘गांधीजी आले होते ती जागा’ म्हणूनही विचारता येईल. वयस्कर माणसाला विचारलेत तर उत्तरासोबत हकिगतही मिळेल. आवारात शिरण्यापूर्वी तिथे असलेल्या माणसाची परवानगी घ्या, चपला कुठे काढायच्या ते विचारा, आणि फोटो काढण्याआधी पुन्हा विचारा. ही संस्थांची, कामाची जागा आहे, हे ध्यानात राहू द्या.

इथे खादीच का रुजली, हा प्रश्न मनात घेऊन फिरा. चांदा जिल्ह्यात हातमागावर विणणारी घरे पूर्वापार होती. महार आणि कोष्टी समाजांतले कुशल विणकर जाडेभरडे आणि तलम असे दोन्ही कापड विणत. गिरणीच्या कापडाने त्यांचा धंदा मोडला. चरखा संघ आला तेव्हा हात तयारच होते, फक्त कामाला गिऱ्हाईक हवे होते. खादीची चळवळ सावलीत ‘पोचली’ असे आपण सहज म्हणतो, पण ती इथे येऊन इथल्याच विणकरांच्या कसबावर उभी राहिली, हे सांगायला विसरतो.

खादीच्या दुकानात शिरलात तर घाईने सदरा घेऊन बाहेर पडू नका. कापड उजेडाकडे धरा. हातसुताचा धागा सगळीकडे सारखा नसतो. कुठे किंचित जाड, कुठे बारीक, आणि जिथे पेळू संपून नवा जोडला तिथे बोटाला बारीकशी गाठ लागते. सूत मोजायची पद्धतही विचारून घ्या. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. म्हणजे एका गुंडीत ६४० तार, साधारण साडेआठशे यार्ड सूत. कातणारी बाई एवढे सूत दिवसभराच्या किती तासांत काढते आणि त्याचे तिला काय मिळते, हा हिशोब तिथल्या माणसाला विचारा आणि वहीत मांडा. १९३५चा किमान मजुरीचा वाद नेमका याच हिशोबाचा होता. आठ तास राबणाऱ्या बाईला दोन वेळचे जेवण, वस्त्र मिळाले पाहिजे की खादी स्वस्त राहिली पाहिजे? हा प्रश्न सावलीला जमलेल्या कार्यकर्त्यांसमोर ताजा होता. आज अंगणवाडी सेविकेच्या मानधनाचा किंवा तेंदूपत्त्याच्या दराचा विषय निघतो, तेव्हा तोच प्रश्न त्याच तालुक्यात विचारला जातो.

दुपारी जेवायला खानावळीत बसा. भात, वरण, अंबाडीची किंवा हिरव्या सांबाराची भाजी मिळेल. पाहुण्यांनी लक्षात ठेवावे की विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. तलावातली मासळी आणि झिंगे मिळाले तर सोडू नका. तांदळाबद्दल मुद्दाम बोला. एचएमटी हा वाण देशभर खाल्ला जातो आणि तो याच जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढला. दीड एकराचा हा शेतकरी, शिक्षण जेमतेम. १९८३च्या सुमारास बांधीत वेगळ्या दिसलेल्या ओंब्या त्यांनी जपून ठेवल्या आणि वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या. त्या काळी घड्याळाची एचएमटी कंपनी लोकप्रिय होती, तिचेच नाव वाणाला पडले. ३ जून २०१८ रोजी ते वारले. त्यांच्या हयातीत वाणाचे श्रेय आणि पैसा त्यांना पुरेसा मिळाला नाही, ही या जिल्ह्याच्या मनातली बोच आहे.

सायंकाळी ग्रंथालयात किंवा एखाद्या शाळेत डोकवा. शिक्षकांशी बोलणे काढा. १९३६चे संमेलन पाहिलेली माणसे आता उरलेली नसणार, पण त्यांच्याकडून ऐकलेली मुले-नातवंडे आहेत. कुणाच्या घरी स्वयंपाकाची भांडी गेली, कुणाच्या आजोबांनी पाणी वाहिले, कुणाची आजी सूत घेऊन गेली, असल्या आठवणी पुस्तकात येत नाहीत. ऐकताना फोनवर ध्वनिमुद्रण करायचे तर आधी विचारा, आणि गावी परतल्यावर त्याची एक प्रत त्या घरी पाठवाच. जुना फोटो कुणी दाखवला, तर त्याचा फोटो घ्या, मूळ फोटो मागू नका. बाहेरून आलेले अभ्यासक मूळ कागद नेतात आणि ते परत येत नाहीत. असे होऊन गावे रिकामी झाली आहेत.

दुसरा दिवस पाण्यासाठी

सकाळी तालुक्यातल्या पाथरीकडे निघा. तिथला आसोलामेंढा तलाव इंग्रजांच्या काळातला, १९१८चा. नागभीडजवळचा घोडाझरी तलावही इंग्रजांच्याच काळातला. पूर्व विदर्भात पाऊस भरपूर पडतो, पण नेमका ओंबी भरायच्या वेळी दगा देतो; म्हणून साठवलेल्या पाण्याचे एक-दोन हात मिळाले की पीक वाचते. आसोलामेंढ्याचे आणखी एक महत्त्व आहे. गोसीखुर्द धरणाचा जवळपास शंभर किलोमीटरचा उजवा कालवा येऊन मिळतो तो याच तलावाला. गोसीखुर्दचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाले. त्या पाण्याची वाट पाहण्यात इथल्या एका पिढीचे वय गेले. तलावाच्या पारावर उभे राहून कालव्याकडे बघताना ही गोष्ट माहीत असावी.

मात्र मोठा तलाव बघून तेवढ्यावर थांबू नका. परतीच्या वाटेवर कुठल्याही लहान गावी, व्याहाड असो, हरांबा असो की गेवरा, उतरून मामा तलाव कुठे ते विचारा. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या आणि पुढे भोसल्यांच्या अमदानीत गावच्या पाटलांनी, मालगुजारांनी, भंडाऱ्याकडे कोहळी समाजाने असे हजारो तलाव आणि बोड्या खोदल्या. दगडी भिंत नसते, मातीचा पार असतो. जादा पाणी जाते तो सलंग, आणि शेताला पाणी सोडायचे दार म्हणजे तुडुम. १९५०-५१मध्ये मालगुजारी रद्द झाली, तलाव सरकारचे झाले. त्यानंतर दुरुस्ती कुणी करायची हा प्रश्न उभा राहिला आणि गाळ साचत गेला. पारावर चालताना एकच गोष्ट नीट बघा: तुडुमाजवळची माती ताजी उकरलेली आहे की तिथे झुडपे माजली आहेत. त्यावरून गाव त्या तलावाशी अजून बोलते की नाही ते कळेल. तलावावर जाळे घेऊन ढीवर मंडळी असतील, तर त्यांच्याशी बोला. तलाव किती खोल राहिला आहे हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

दुपारनंतर वैनगंगा ओलांडून मार्कंडा गाठता येईल. सावलीहून गडचिरोली आणि तिथून चामोर्शीच्या वाटेने, किंवा मूलकडून हरणघाटच्या पुलावरून, असे दोन रस्ते आहेत. तिथल्या मंदिरसमूहावर १८७३-७४च्या दौऱ्यात पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने मोठ्या कौतुकाने लिहिले. वीज पडून मुख्य मंदिराचे नुकसान झालेले आहे आणि जीर्णोद्धाराचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे, तेव्हा सगळे शिल्प मोकळेपणाने पाहायला मिळेलच असे धरून चालू नका. महाशिवरात्रीच्या जत्रेत गर्दी प्रचंड असते. शांतपणे मूर्ती बघायच्या असतील तर त्या दिवसांत टाळा, माणसे बघायची असतील तर तेव्हाच या.

रात्रीसाठी झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या मुलखाचे, नाटक. सुगी आटोपली की गावोगाव मंडई आणि शंकरपट भरतात आणि त्या निमित्ताने नाटक लागते. मंडळ्या मुख्यतः वडसा-देसाईगंजहून येतात. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. कुठे नाटक आहे हे इंटरनेटवर शोधण्यापेक्षा पानठेल्यावर विचारा. रस्त्यावरून फिरणाऱ्या गाडीच्या भोंग्यावरूनही कळते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. स्वेटर, कानटोपी आणि शाल हवीच. परत यायला चारचाकी ठरवून ठेवा, किंवा सरळ उजाडेपर्यंत मंडपातच थांबा. वाघाबद्दल वर लिहिले आहे ते इथे सर्वांत जास्त लागू पडते. आणि शहरी नाटकाशी तुलना करत बसू नका. हजारभर माणसे थंडीत रात्रभर जागून तिकीट काढून नाटक बघतात, असे महाराष्ट्रात आज किती ठिकाणी घडते?

हाताशी वेळ असेल तर

मूलला एक अर्धा दिवस द्या. जवळचे मारोडा हे दादासाहेब कन्नमवारांचे गाव. २० नोव्हेंबर १९६२ रोजी ते महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले आणि जेमतेम वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९६३ला, पदावर असताना वारले. गरिबीतून, स्वातंत्र्याच्या चळवळीतून वर आलेला हा माणूस मराठी वाचकांच्या स्मरणातून फार लवकर गेला. त्याच बाजूला बाबा आमट्यांचा १९६७पासूनचा सोमनाथ प्रकल्प आहे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी पडीक जमिनीवर उभी केलेली ती शेती पाहायची असेल, तर आधी कळवून जा. दरवर्षी मे महिन्यात तिथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी भरते. उन्हाची भीती नसलेल्या मुलामुलींना तिकडे जरूर पाठवा.

परतीचा प्रवास वर्ध्यावरून आखता आला तर उत्तम. बल्लारशा-चंद्रपूरहून वर्धा आणि सेवाग्रामला जाणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. सावलीहून निघाल्यावर दोनच महिन्यांनी गांधीजी शेगावला राहायला गेले, तेव्हा तुमचाही प्रवास त्याच क्रमाने होईल. ६२व्या खंडातली सावलीनंतरची, मार्च-एप्रिलची पत्रे गाडीत वाचण्यासाठी फोनवर उतरवून ठेवा. वाटेत नेटवर्कचा भरवसा धरू नका.